२०५/५५ आर १६ : कोइम्बतूरला जाऊन परत येणारे चार टायर

मावसभावाचा फोन आला तोवर त्याचं ठरलेलं होतं. "ताई, सेमी-स्लिक घेतोय. कुठून मागवू तेवढं सांग." सेमी-स्लिक म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकसाठीचे, मऊ रबराचे आणि कमी खाचांचे टायर. सहा महिन्यांपूर्वी तो पहिल्यांदा ट्रॅकवर गेला होता, तेही दुसऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून. आता जूनच्या शेवटी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर दोन दिवस स्वतःची गाडी चालवायची होती. टायरसाठी त्याने साठ हजार बाजूला काढले होते. मी त्याला एवढंच विचारलं, "तिथपर्यंत गाडी कशी नेणार?" तो म्हणाला, "चालवत. आणि कशी?"

पुढचा सगळा निर्णय या उत्तरावर फिरला, म्हणून हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं. ट्रॅकच्या टायरबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक अशा देशांतलं, जिथे ट्रॅक घरापासून तासाभरावर असतो आणि जास्तीची चाकं ट्रेलरवर टाकून नेता येतात. पुण्याहून कोइम्बतूर अकराशे किलोमीटरच्या वर आहे. जूनमध्ये त्यातला सातारा ते बेळगाव हा पट्टा धो धो पावसाचा. म्हणजे त्याचे टायर दोन दिवसांत ट्रॅकवर फार तर दीडशे किलोमीटर धावणार होते आणि रस्त्यावर तेवीसशे.

गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लस. आपल्या चाकणलाच बनते. दीड लीटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, हाताचा गिअर. ओढ पुढच्या चाकांना, ब्रेक पुढे डिस्क आणि मागे ड्रम. चालक धरून वजन साडेतेराशे किलोच्या आसपास. टायर कंपनीने दिलेलाच, २०५/५५ आर १६. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. तो अठ्ठावीस हजार किलोमीटर चाललेला होता. गोटा झालेला नव्हता, पण नक्षी साडेतीन मिलिमीटरवर आली होती. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसात साचलेलं पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्याच्या बरीच आधी ओसरते. टायर बदलायचे होतेच. प्रश्न कोणते, एवढाच.

मी सेमी-स्लिकला नाही म्हटलं तेव्हा त्याला वाटलं, मी घाबरते आहे. तसं नव्हतं. माझ्या दुसऱ्याच ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, मी स्वतः १८० ट्रेडवेअरचे (मऊ रबराचे) टायर घालून गेले होते, तेही रोजच्या गाडीला. ट्रॅकवर सुरेख चालले. गाडी माझ्या सगळ्या चुका पोटात घालत होती. वळणात उशिरा ब्रेक मारला तरी वळायची, स्टिअरिंग जास्त फिरवलं तरी तोंड आत ठेवायची. मला वाटलं, आपण शिकलो. परतीच्या वाटेवर चित्रदुर्गच्या पुढे वळवाच्या सरीत रस्त्यावर पाण्याचा पातळ थर होता. ताशी ऐंशीला पुढची चाकं पाण्यावर तरंगली, स्टिअरिंग हातात हलकं हलकं झालं. दोन सेकंद असतील. काही झालं नाही, पण ते दोन सेकंद माझ्या हातांना अजून आठवतात. शिवाय पुढच्या वर्षी साधे टायर घालून त्याच ट्रॅकवर गेले तेव्हा कळलं की ब्रेक सोडत सोडत वळणात शिरायचं कसं, हे मला येतच नव्हतं. टायरने ते माझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

आकडा काय सांगतो

ट्रेडवेअर म्हणजे टायरच्या बाजूवर कोरलेला अमेरिकी पद्धतीचा झिजेचा आकडा. एका प्रमाण टायरला १०० धरतात. टेक्सासमध्ये रस्त्यांचा सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा फेरा ठरलेला आहे. त्यावर साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास गाड्या चालवून झीज मोजतात आणि तुलना करतात. ३०० म्हणजे प्रमाण टायरच्या तिप्पट टिकावा. पण हा दर्जा कंपनीने स्वतःच द्यायचा असतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार अर्थ काढू नये. रबर साधारण कोणत्या जातीचं आहे एवढं कळतं, आणि आपल्याला तेवढं पुरतं. टोयो आर८८८आर १०० चा. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ आणि योकोहामा अ‍ॅडव्हान एडी०८आर १८० चे. ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई००३ २२० चा. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ ३२० चा. आकडा जसा खाली येतो तसं रबर मऊ होतं, नक्षीतल्या खाचा कमी होतात, आणि टायरला नीट पकडायला लागणारं तापमान वर सरकतं.

हा शेवटचा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. मऊ टायर म्हणजे सगळीकडे जास्त पकड, अशी समजूत असते. खरं तर ट्रॅकच्या टायरचं रबर तापल्यावर जागं होतं. सकाळच्या गारव्यात, थंड ओल्या हायवेवर, तो टायर चांगल्या साध्या टायरपेक्षा वाईट थांबू शकतो. त्यात त्याच्या खाचा कमी, म्हणजे पाणी जायला वाट कमी.

उलट साध्या टूरिंग टायरचं दुखणं वेगळं. त्याची नक्षी नवी असताना सात-आठ मिलिमीटर उंच असते, आणि तिचे ठोकळे मायलेज आणि आराम डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. वळणात ते ठोकळे बाजूला वाकतात, सुटतात, पुन्हा वाकतात. एक तार हातात धरून भराभर मागे-पुढे वाकवली की जशी गरम होते, तसंच इथे होतं. तीन-चार फेऱ्यांत रबर स्वतःच्याच वाकण्याने तापतं आणि वरचा थर साबणासारखा गुळगुळीत होतो. ट्रॅकवर याला "टायर ग्रीझी झाला" म्हणतात. आणखी रेटलं तर खांद्यावरून, म्हणजे नक्षी आणि भिंत मिळतात त्या कडेवरून, रबराचे तुकडे उडतात.

करीचा ट्रॅक या बाबतीत निष्ठुर आहे. चेट्टीपाळयमला २००३ साली सुरू झालेला, जेमतेम २.१ किलोमीटरचा. नाव एस. करिवर्धन यांचं. त्यांनी फॉर्म्युला मारुतीच्या गाड्या घडवल्या आणि भारतातल्या कित्येक चालकांना पहिली रेसिंग गाडी मिळाली. १९९५ साली छोट्या विमानाच्या अपघातात ते गेले. ट्रॅक लहान, वळणं एकामागोमाग एक. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, तिथे टायरला वारा लागतो, श्वास घ्यायला मिळतो. करीवर तसा विसावा नाही. व्हर्टससारख्या गाडीत वळवणं, खेचणं आणि थांबवण्याचं बहुतेक काम, सगळं पुढच्या दोन टायरांवरच पडतं. म्हणून सर्वांत जास्त चिकटतो कोण, हे मी विचारतच नव्हते. पंधरा-वीस मिनिटांची सेशन संपेपर्यंत पहिल्या फेरीसारखा वागतो कोण, आणि तोच निपाणीच्या पावसातही शहाण्यासारखा वागतो का, मला एवढंच हवं होतं.

बाजारात काय मिळालं

इथे आपली एक देशी अडचण आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बाहेरून येणारे गाड्यांचे नवे टायर मुक्त आयातीतून काढून प्रतिबंधित यादीत टाकले. परवान्याशिवाय आणता येत नाहीत. शिवाय टायरवर आयएसआयची खूण लागते. त्यामुळे परदेशी चाहते ज्या टायरांवर तासन् तास वाद घालतात, त्यातले अनेक १६ इंचात आपल्याकडे दुकानात दिसतच नाहीत. जे दिसतात ते कसे आले आणि किती वर्षं गोदामात पडून होते, ते पाहावं लागतं.

पुण्यातल्या एका दुकानात भावाला सेमी-स्लिकचा एक संच खरोखर दाखवला गेला, भावही बरा होता. मी त्याला मोबाइलची बॅटरी लावून टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचायला सांगितले. टायर कधी बनला ते त्यातून कळतं. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन टायर चार वर्षांपूर्वीचे आणि चौथा त्याहून जुना. मऊ रबर पडून राहिलं की कडक होतं, आणि ज्या मऊपणासाठी आपण पैसे मोजतो तोच आधी जातो. तो संच तिथेच राहिला.

मग त्याने दुसरी वाट काढली. १७ इंची रिम घालू, २२५/४५ आर १७ करू, त्यात निवड भरपूर आहे. हिशेब चुकीचा नव्हता. २०५/५५ आर १६ चा व्यास ६३२ मिलिमीटर येतो, २२५/४५ आर १७ चा ६३४. स्पीडोमीटरला फरक जवळपास पडत नाही. टायरची भिंत ११३ वरून १०१ मिलिमीटरवर येते, म्हणजे स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळतं. पण रिम रुंद लागते, चाक जड होतं, मडगार्डला घासतं का ते पाहावं लागतं, आणि मुख्य म्हणजे साठ हजारांतले निम्मे रिममध्येच जातात. ट्रॅकवर पहिल्यांदा स्वतः चालवणाऱ्याने ते पैसे ब्रेकवर घालावेत, असं माझं ठाम मत आहे. टायर चांगला झाला की चालक वेगाने वळणाशी येतो, जोरात ब्रेक मारतो, आणि ती सगळी उष्णता ब्रेकमध्ये उतरते. ताशी १२० वरून ६० वर येताना ही गाडी साडेपाच लाख ज्यूलच्या वर ऊर्जा सोडते, आणि करीवर हे एका फेरीत दोन-तीनदा घडतं. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. भावाच्या गाडीतलं ऑइल कारखान्यातून आलं तेव्हापासून बदललेलं नव्हतं.

दोन रिमसंच ठेवून सेमी-स्लिक गाडीतून नेण्याचाही विचार झाला. चार चाकं, प्रत्येकी अठरा-एकोणीस किलो. दोन डिकीत, दोन मागच्या सीटवर. हे लोक करतात आणि ज्यांचा ट्रॅकवर पाचवा-सहावा मोसम आहे त्यांनी जरूर करावं. पहिल्याच वेळी नाही.

शेवटी १६ इंचच, कंपनीचं माप कायम, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, ९१ डब्ल्यू. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० पर्यंत. २२० ट्रेडवेअरचा पर्यायही समोर होता आणि कोरड्या ट्रॅकवर कदाचित तोच मला जास्त आवडला असता. पण तेवीसशे किलोमीटरचा पावसाळी रस्ता मी विसरू शकत नव्हते. चारही टायर त्याच वर्षीचे, एकाच महिन्यातले मिळेपर्यंत आम्ही बारा दिवस थांबलो. उरलेल्या पैशांत ब्रेक ऑइल, पुढचे जरा कडक पॅड, अलाइनमेंट, आणि हवा मोजायचा स्वतःचा चांगला गेज. पंपावरच्या मीटरवर ट्रॅकचा हिशेब करू नये. दोन पंपांत दोन-तीन पीएसआयचा (हवेचा दाब मोजायचं माप) फरक सहज असतो.

विम्याचंही आधीच सांगून ठेवलं. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर काही झालं तर खर्च आपला.

हवेचे दोन दिवस

कोइम्बतूरपर्यंतच्या प्रवासातच नवे टायर रुळले. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला गुळगुळीत थर असतो, तो जायला काहीशे किलोमीटर लागतात. नवा टायर चढवून थेट ट्रॅकवर उतरणं मला कधीच पटलेलं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला हवेचं तापमान २६ होतं. रोज ठेवतो तशी चारही चाकांत ३३ पीएसआय हवा ठेवूनच त्याला आत सोडलं. मुद्दामच. हा फरक त्याने स्वतः अनुभवावा अशी माझी इच्छा होती. पाचव्या फेरीनंतर गाडीचं तोंड वळणातून बाहेर सरकायला लागलं, हे मला पिटच्या, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबतात त्या जागेच्या, भिंतीजवळून दिसत होतं. बाहेर आल्याबरोबर गेज लावला. पुढे ४१, मागे ३७.

तिथे त्याला वहीत गणित करून दाखवलं. टायरमधली हवा कोंडलेली असते, तापली की दाब वाढतो. पण हिशेब करताना बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवायचे आणि तापमान शून्याखाली २७३ पासून मोजायचं. ३३ अधिक १४.७ म्हणजे ४७.७. ४१ अधिक १४.७ म्हणजे ५५.७. गुणोत्तर साधारण १.१७. सकाळचं तापमान २९९ केल्विन, त्याला १.१७ ने गुणलं की ३५० च्या जवळ, म्हणजे आतली हवा पंचाहत्तर-ऐंशी अंशांवर पोचली होती. रबराचा वरचा थर त्याहूनही गरम. दाब इतका चढला की टायर मधोमध फुगतो, जमिनीला टेकणारा भाग आक्रसतो, आणि आधीच तापलेलं रबर आणखी कमी जागेवर सगळा भार घेतं.

टायर गरम असतानाच पुढची हवा ३६ वर आणली, मागची ३५ वर. दुसऱ्या सेशनच्या आधी पांढरा खडू घेऊन पुढच्या टायरांच्या खांद्यावर, नक्षीपासून भिंतीपर्यंत चार-चार जाड रेघा मारल्या. खांद्यावर छोटा त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्रिकोणापर्यंत पुसला जावा, त्याच्या खाली नाही. परत आला तेव्हा रेघ त्रिकोणाला भिडून थांबली होती. आणि भाऊ हेल्मेट काढता काढता म्हणाला, "ताई, आता शेवटच्या फेरीतही पहिल्या फेरीसारखीच वळतेय." मला हेच ऐकायचं होतं.

दुपारनंतर मात्र शेजारच्या पिटमधल्या कुणीतरी त्याला सांगितलं की हवा आणखी कमी केली की पकड आणखी वाढते. मी जेवायला गेले होते. त्याने पुढची हवा गरम असताना ३१ वर आणली आणि बाहेर पडला. त्या सेशनमध्ये स्टिअरिंग उशिरा बोलत होतं, गाडी आधी टायरच्या भिंतीवर लवंडायची आणि मग वळायची. खडू त्रिकोणाच्या बोटभर खाली पुसला गेला होता. बाहेरच्या खांद्यावरची कड पिसं काढल्यासारखी उलगडली होती. या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेरचा कल, फारसा बदलता येत नाही. वळणात गाडी झुकली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. हवा कमी असली तर ती कड अधिकच सोसते. मी रागावले नाही, कारण खडूने त्याला सगळं दाखवलेलं होतं. तो स्वतःच कंप्रेसर घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ३६ वरून तो ढळला नाही. ब्रेक शेवटपर्यंत घट्ट राहिला. प्रत्येक सेशनची शेवटची फेरी ब्रेक न मारता, टायर आणि डिस्क निवू देत काढायची, हेही त्याने पाळलं. टायर आवाज करत होते, आणि मला तो आवाज आवडतो. अशा टायरची पकड संपत आली की तो आधी कुरकुरतो, मग ओरडतो, मग हळूच सुटतो. शिकणाऱ्याला तेवढा वेळ मिळतो. मऊ सेमी-स्लिक उशिरापर्यंत धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा झटकन सुटतो, तेही जास्त वेगात.

परतीचा रस्ता

तिसऱ्या दिवशी पहाटे निघण्याआधी गेज लावला तर पुढे २९, मागे ३१. स्वाभाविक होतं, गरम असताना काढलेली हवा थंड झाल्यावर तेवढी खाली येणारच. पण दोन दिवस ३६ आकडा पाहण्याची सवय झालेल्या माणसाला हे सुचत नाही. भाऊ तसाच निघाला असता. सामान, दोन माणसं, हायवेचा वेग आणि पुढे कमी हवा, हे मिश्रण ट्रॅकवरच्या कुठल्याही वळणापेक्षा धोक्याचं. चारही चाकं ३३ ला आणली आणि मग सेलमच्या रस्त्याला लागलो.

हुबळीपर्यंत कोरडं. धारवाडच्या पुढे भुरभुर, बेळगावला पाऊस, आणि निपाणी सोडल्यावर काचेपलीकडे काही दिसेना. कागलच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, वळणरस्त्यावर पाणी साचलेलं. पुढचा टेम्पो अचानक थांबला. भावाने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, एबीएसची थोडी थरथर होऊन, टेम्पोच्या मागे दोन गाड्यांची जागा सोडून उभी राहिली. तो काही बोलला नाही. कोल्हापूर येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

पुण्यात आल्यावर नक्षी मोजली. नवी असताना ७.६ मिलिमीटर होती. मागे ७.३. पुढे मधली खाच ६.७, बाहेरची ६.२, आणि सर्वांत बाहेरच्या कडेला त्या एका सेशनची खूण अजून हाताला लागते. नक्षी आत-बाहेर वेगळी असल्याने टायर रिमवर उलटा घालता येत नाही, म्हणून पुढचे मागे आणि मागचे पुढे केले. वहीत त्याने तारीख, सकाळचं तापमान, थंड हवा, गरम हवा असे रकाने आखून ठेवले आहेत. डिसेंबरच्या पानावर वर पेन्सिलीने लिहिलंय : थंड २९ ने सुरुवात.